मोहोर एकदा, तपासणी एकदा

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी सर्वदूर परिचित आहे. अलीकडे मात्र या तालुक्याची नवी ओळख निर्यातीच्या केळ्यांनी घडविली आहे. उजनी जलाशयाच्या काठी पिकलेली केळी शीतपेट्यांतून न्हावा-शेव्याकडे आणि तेथून आखाती देशांकडे जातात. अशा मालाला तेरा-चौदा अंश तापमान जितके आवश्यक, तितकीच वेळेची खात्रीही आवश्यक असते. नाक्यावर वा बंदरावर वाया गेलेल्या दिवसाची किंमत अखेर कोण मोजतो? खरेदीदार संभाव्य विलंबाचा धोका आधीच हिशेबात धरून बांधावरचा भाव कमी करतो. म्हणजे सीमाशुल्काची कार्यपद्धती हा केवळ व्यापाऱ्यांचा विषय नसून शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर जगाने फार पूर्वी शोधले. युद्धोत्तर युरोपात १९४९ मध्ये सुरू झालेली आणि १९७५ च्या जिनिव्हा करारात आजचे स्वरूप लाभलेली टीआयआर पद्धत साध्या तत्त्वावर उभी आहे. माल निघतेवेळी तपासून मोहोरबंद करावा. वाटेतील देशांनी मोहोर व कागद पाहून, एरवी पेटी न उघडता, त्याला पुढे जाऊ द्यावे. आणि माल वाटेतच गडप झाल्यास बुडालेल्या शुल्काची भरपाई हमी देणाऱ्या संस्थेने करावी. सरकारी तिजोरीला संरक्षण आणि वाहतुकीला वेग, असा हा मेळ आहे. भारत २०१७ मध्ये या करारात सामील झाला. २०१९ मध्ये मुंबईहून इराणमार्गे अफगाणिस्तानला या पद्धतीने मालही गेला. समुद्र ओलांडावा लागला तरी प्रवासाचा काही भाग रस्त्याने असला की ही पद्धत लागू पडते, ही बाब आपल्यासाठी महत्त्वाची आहे.

मे २०२१ पासून या कराराच्या अकराव्या परिशिष्टाने कागदी पुस्तिकेऐवजी संगणकीय नोंदीला कायदेशीर आधार दिला. गाडी पोहोचण्यापूर्वीच माहिती पुढच्या नाक्यावर पोहोचावी, हा त्याचा हेतू. परंतु यंत्र आले म्हणजे अडथळा गेला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अटारीची सीमा २०२५ मध्ये बंद झाली, ती कोणत्याही संगणकाने उघडली नसती. बांगलादेश, भूतान, भारत व नेपाळ यांचा २०१५ चा मोटार वाहन करार भूतानच्या संमतीअभावी चारही देशांत लागू होऊ शकला नाही. राजकीय विश्वास नसेल तेथे संगणकीय नोंद निरुपयोगी असते.

देशांतर्गत अनुभवही हेच सांगतो. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी संपली, ती संगणकामुळे नव्हे, तर करच बदलल्यामुळे. आधी धोरण, मग यंत्र, हाच क्रम योग्य होय.

आता खरा प्रश्न हमीचा आहे. मोठ्या निर्यातदाराला पत असते; दोन-चार गाड्यांच्या मालकाला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला ती कोठून मिळणार? हमीचा खर्च परवडला नाही, तर मोहोरेचा लाभ बड्यांपुरताच राहील आणि छोटा उत्पादक पुन्हा मध्यस्थाच्या दारी उभा राहील. राज्याच्या पणन यंत्रणेने सामूहिक हमीनिधी उभारावा, बागायती पट्ट्याजवळच तपासणी व मोहोरेची सोय व्हावी आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र व सीमाशुल्क यांची नोंद एकाच अर्जात व्हावी. निधी बुडण्याची भीती दाखविली जाईल. परंतु सभासदांची सामूहिक जबाबदारी ही सहकाराच्या या भूमीला नवी नाही.

केळी थांबत नाहीत, ती पिकतात. त्यांच्या मागे पडलेल्या शासनाने निदान त्यांच्या गतीने चालायला शिकले पाहिजे.