कार्ड घरच्यांनाही कळावे

आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या खेड्यांतून आजही मुले फौजेत जातात. नोकरीत असेपर्यंत लष्करी रुग्णालय असते. पेन्शनीत निघाल्यावर १ एप्रिल २००३ पासून 'ईसीएचएस' आहे. वर्गणी एकदाच भरायची. मग पत्नी, अवलंबून असलेली मुले व आईवडील यांनाही उपचार मिळतात. एरवी पॉलिक्लिनिकची चिठ्ठी लागते. जिवावर बेतले तर थेट जवळच्या दवाखान्यात जावे, पण ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवावे.

हे सारे बहुधा एकट्या फौजीलाच ठाऊक असते. आणि झटका त्यालाच आला तर? त्याच्या पश्चात पत्नीचा हक्क संपत नाही, हे तरी किती जणींना माहीत असते? माझ्या मते पेन्शनीच्या पहिल्याच महिन्यात हे नियम घरात मोठ्याने वाचावेत. कार्ड ट्रंकेत राहिले, तर योजना असून नसल्यासारखीच!