विश्लेषण : दुकानाचे क्रेडिट कार्ड वर्षभर वापरलेच नाही… बंद करावे का?

दिवाळीच्या खरेदीवर सवलत मिळते म्हणून मॉलच्या काउंटरवर घेतलेले क्रेडिट कार्ड पुढे वर्षभर पाकिटात पडून राहते. त्याची आठवण होते ती वार्षिक शुल्काचा एसएमएस आल्यावर किंवा गृहकर्जासाठी बँकेत गेल्यावर.

कार्ड नेमके कोणाचे?

कार्डावर दुकानाचे किंवा शॉपिंग अ‍ॅपचे नाव ठळक असले, तरी उधारी देते ती कार्ड जारी करणारी बँक. अशा ‘को-ब्रँडेड’ कार्डात विक्रेत्याची भूमिका कार्डाचा प्रचार, वितरण आणि सवलतींपुरतीच असते. त्यामुळे दुकानात सांगून कार्ड बंद होत नाही. कात्रीने कापून टाकल्यानेही नाही.

पडून राहिले तर बिघडते काय?

कार्ड ‘लाइफटाइम फ्री’ असेल तर फारसे काही नाही. शुल्क असेल तर मात्र गंमत सुरू होते. ५०० रुपयांचे शुल्क १८ टक्के जीएसटीसह ५९० रुपये होते. कार्ड वापरतच नसल्याने बिल कोणी उघडत नाही. मग विलंब शुल्क आणि व्याज चढते. त्याहून वाईट म्हणजे पतअहवालात थकबाकीची नोंद होते. एक रुपयाचीही खरेदी न करता थकबाकीदार ठरण्याचा हा प्रकार आहे.

बंद केले तर पतगुणांक घसरतो?

घसरू शकतो, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. समजा, नेहमीच्या कार्डाची मर्यादा ८० हजार आणि दुकानाच्या कार्डाची १ लाख २० हजार आहे. महिन्याचा खर्च ४० हजार. एकूण दोन लाखांपैकी २० टक्केच मर्यादा वापरली जाते. दुसरे कार्ड बंद केले, की तोच खर्च ५० टक्क्यांवर जातो. हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत ठेवावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. अनेक बँकांत गृहकर्जाचा व्याजदर पतगुणांकावरही ठरतो. त्यामुळे येत्या काही महिन्यांत कर्ज घ्यायचे असेल तर शुल्क भरून कार्ड तूर्त राहू द्यावे. कर्जाचा विचार नसेल तर केवळ गुणांकाच्या धास्तीने दरवर्षी शुल्क भरण्यात अर्थ नाही. आधी शुल्कमाफी मागून पाहावी. नकार आल्यास कार्ड बंद करावे. बंद खात्याचा इतिहास अहवालातून लगेच पुसला जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

काहीच केले नाही तर?

तोही निर्णयच ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, एक वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँकेने ग्राहकाला कळवून सुरू करायची असते. ३० दिवसांत उत्तर आले नाही आणि थकबाकी नसेल, तर खाते बंद होते. म्हणजे जुने, मोफत कार्ड टिकवायचे असेल तर वर्षातून एक-दोनदा मोबाइल रिचार्जसारखा किरकोळ खर्च त्यावर करावा आणि बिलासाठी ‘ऑटो-पे’ लावावे.

बंद करताना…

रिवॉर्ड पॉइंट आधी वापरावेत, ‘ऑटो-पे’ला जोडलेली देयके दुसरीकडे वळवावीत, शिल्लक शून्यावर आणावी. विनंती हेल्पलाइन, ई-मेल किंवा अ‍ॅपवरून करता येते. टपालानेच अर्ज पाठवा, असा आग्रह बँकेला धरता येत नाही. थकबाकी नसेल तर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद व्हायला हवे. अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला देणे बँकेवर बंधनकारक आहे. ‘कार्डाऐवजी नवी ऑफर घ्या’ असे फोन येत राहिले, तर ही तरतूद आठवून द्यावी. विनंतीचा क्रमांक मात्र जपून ठेवावा.

दुकानातील हप्त्यांची ‘ईएमआय कार्डे’ आणि ‘बाय नाऊ, पे लेटर’ खाती यांचा प्रकार वेगळा. ती बहुधा क्रेडिट कार्डे नसून कर्जसुविधा असतात. त्यामुळे हीच सात दिवसांची मुदत तिथे गृहीत धरू नये. वित्तकंपनीकडून ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र लेखी घ्यावे. दोन्ही प्रकारांत महिना-दीड महिन्याने पतअहवाल तपासून खाते ‘बंद’ दिसते का, हे पाहावे. देशातील चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो.