कॅमेरा विद्यार्थ्याच्या हाती द्या

भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. आज तेथे १३० मीटर लांबीचे एकसंध रूळ लाटले जातात. अशा गावात अभियांत्रिकी शिकणाऱ्याला भाराखालचा धातू कुठे आणि किती हलतो हे स्वतः मोजता आले पाहिजे. प्रकाशीय मापन मात्र बहुतेक ठिकाणी फळ्यावरच्या आकृतीत संपते, किंवा महागड्या यंत्राभोवती वीस जण उभे राहतात आणि एकटे सर ते हाताळतात. डिजिटल इमेज कोरिलेशन हे छायाचित्रांवरून केले जाणारे मापन विद्यार्थ्यांच्या प्रत्येक जोडीने स्वतः करावे आणि त्यासाठी साधा मोबाइल पुरे, असे आमचे ठाम मत आहे.

१९८० च्या दशकाच्या आरंभी साउथ कॅरोलिना विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीचे तत्त्व सरळ आहे. पृष्ठभागावर पांढरा रंग देऊन काळे ठिपके उडवायचे, भारापूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र घ्यायचे. ठिपक्यांचा प्रत्येक छोटा समूह कुठे सरकला हे सॉफ्टवेअर शोधते. ‘एनकॉर’ हे असे सॉफ्टवेअर मोफत मिळते, त्याला मॅटलॅब लागते. पायथॉनमध्येही पर्याय आहेत. एका टोकाला घट्ट पकडून २५ सेंटिमीटर बाहेर काढलेल्या, २५ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड पोलादी पट्टीच्या टोकाला ५० ग्रॅम वजन टांगले, तर सूत्रानुसार टोक सुमारे ६ मिलिमीटर खाली येते. टोकाला ठिपक्यांचे कार्ड चिकटवले की मोबाइल ते सहज टिपतो. उत्तर जुळले नाही, तर जाडीतील ५ टक्के चूक घन होऊन सुमारे १५ टक्के होते, हे विद्यार्थी कायमचे शिकतो.

आक्षेप अचूकतेचा आहे, आणि तो खरा आहे. २०० मेगापास्कल ताणाखाली पोलादात जेमतेम १००० मायक्रोस्ट्रेन येतो. अर्ध्या मीटरवरच्या कॅमेऱ्याकडे नमुना अर्धा मिलिमीटर सरकला, तर तेवढाच खोटा स्ट्रेन दिसतो. पण शिकण्यासारखे नेमके हेच आहे. अंतर दोन मीटर केले की ही चूक चौथाईवर येते. स्ट्रेन गेज शेजारी लावला की ती उघडी पडते. रबराच्या पट्टीपासून सुरुवात केली, तर टक्क्यांत मोजावा लागणारा स्ट्रेन मोबाइललाही स्पष्ट दिसतो. तयार आकडा देणाऱ्या बंद यंत्राकडून ही शंका घेण्याची सवय लागत नाही. संशोधनासाठी उत्तम यंत्रे हवीतच. त्यांचे आकडे पारखणारी नजर मात्र आधी घडवावी लागते.

अभ्यासक्रमात जागा नाही, असेही म्हटले जाते. बीमच्या विक्षेपाचे प्रात्यक्षिक तर आहेच. डायल गेजशेजारी एक ट्रायपॉड उभा करायचा आहे. जर्नलमध्ये उत्तराइतकेच गुण चूक किती असेल याच्या अंदाजाला द्या. शिक्षकांना आमचे आवाहन एवढेच: येत्या सत्रात एक प्रयोग असा करून घ्या.