प्रकाशाचा निवाडा

बायबलमधील विसंगतींची एक यादी गेली कित्येक वर्षे हातोहात फिरत आली आहे. डाव्या रकान्यात एक वचन, उजव्या रकान्यात त्याच्या नेमके उलट दुसरे, आणि खाली विजयी मुद्रेने ठोकलेले उद्गारचिन्ह! आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या हातीही ती पडते. तीत सर्वांत धारदार म्हणून मिरवली जातात ती न्याय आणि प्रकाश यांविषयीची वचने. आपण जगाचा न्याय करावयास आलो नाही, असे प्रभू येशू सांगतो (योहान १२:४७). आणि त्याच शुभवर्तमानात, न्यायासाठीच आपण या जगात आलो, असेही सांगतो (९:३९). पित्याने न्यायाचा सर्व अधिकार पुत्राकडे सोपवला आहे (५:२२). पुत्र तर म्हणतो, मी कोणाचा न्याय करीत नाही (८:१५). मग न्याय करतो तरी कोण, असा यादीकारांचा सवाल आहे.

सवाल रास्त आहे. त्याला आपल्याकडून मिळणारे उत्तर मात्र रास्त नसते. ‘श्रद्धा ठेव, फाटे फोडू नकोस,’ असे म्हणून आपण पोराला गप्प करतो. यादीपेक्षा हे उत्तर आम्हांला अधिक घातक वाटते. पवित्र शास्त्रात विसंगत भासणारे काही आढळले तर हस्तलिखित सदोष असेल, अनुवादक चुकला असेल किंवा आपल्यालाच अर्थ उमगला नसेल, असे संत ऑगस्टिनने संत जेरोमला लिहिले होते. (जेरोम स्वतःच अनुवादक, हे लक्षात घ्यावे!) शंका घेऊ नये, असे काही त्याने लिहिले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली हेच बजावले की, वचनाचा अर्थ लावताना लेखकाचा हेतू, त्याची लेखनपद्धती आणि संपूर्ण शास्त्राची एकात्मता ध्यानी घ्यावी.

तेव्हा वादग्रस्त वचन ज्या अध्यायात आहे तो सबंध वाचावा. योहानाचा नववा अध्याय हा जन्मांध माणसाचा अध्याय. त्याचा आरंभच एका निवाड्याने होतो. हा आंधळा जन्मला, तर पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असे शिष्य विचारतात. येशू दोघांनाही दोषमुक्त करतो आणि आपण जगाचा प्रकाश आहोत असे सांगून त्याला दृष्टी देतो. मग चौकशी सुरू होते. परुशी त्याला दोनदा बोलावतात, आईबापांना खडसावतात. सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भयाने आईबाप अंग काढून घेतात: तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. शेवटी परुशी त्या बिचाऱ्याला हाकलून देतात. न्यायासाठी आलो हे वचन येशू उच्चारतो ते यानंतर. या सबंध अध्यायात त्याने कोणालाही शिक्षा ठोठावलेली नाही. न्यायासनावर बसले होते ते परुशी. आणि प्रकाश समोर उभा राहताच आंधळे ठरले तेही परुशीच.

न्याय या अर्थी योहान जो ग्रीक शब्द योजतो, त्याच्या मुळाशी वेगळे करणे, निवडणे हा अर्थ आहे. आपल्या मायबोलीतही निवाडा आणि निवडणे ही एकाच घरची. तांदूळ निवडणारी बाई सूप घेऊन उजेडाला, दारात बसते. उजेड खडे निर्माण करीत नाही, त्याच्यामुळे ते दिसतात. प्रकाश जगात आला आणि माणसांना अंधार अधिक आवडला, हाच निवाडा, असे योहान तिसऱ्या अध्यायातच सांगून ठेवतो (३:१९). आणि यादीकार ४७व्या ओवीवर थांबतात त्या बाराव्या अध्यायातली ४८वी ओवी सांगते की, जो वचन नाकारतो त्याचा न्याय तेच वचन शेवटच्या दिवशी करील.

प्रकाशाविषयीच्या वचनांचीही अशीच गत आहे. देव प्रकाश आहे, त्याच्या ठायी अंधार मुळीच नाही, असे योहानाचे पहिले पत्र म्हणते (१:५). आणि मंदिराच्या समर्पणाच्या वेळी शलमोन म्हणतो की, परमेश्वर निबिड अंधारात वास करतो (१ राजे ८:१२). चौथ्या शतकातील संत ग्रेगरी निस्सेकर यांनी मोशेच्या चरित्रावर लिहिताना यातून वाट दाखवली आहे. मोशेला प्रथम प्रकाश दिसला, मग मेघ, मग अंधार. जवळ जाणाऱ्याला आपली बुद्धी अपुरी असल्याचे कळते, तोच हा अंधार. आमोसचा अंधार (५:१८) मात्र वेगळा, अधिक दाहक. परमेश्वराचा दिवस म्हणजे आपल्या जातभाईंच्या विजयाचा सण, असे समजून वाट पाहणाऱ्यांना तो सांगतो की, तुमच्यासाठी तो दिवस काळोखाचा आहे.

आणि खरी विसंगती आम्हांला येथे दिसते, आपल्या धर्मग्रामांत. कोणी हिशेब मागितला, अन्यायाकडे बोट दाखवले, की लगेच ‘न्याय करू नका’ हे मत्तयचे वचन (७:१) पुढे केले जाते. यथार्थ न्याय करा हे योहानाचे वचन (७:२४) त्या वेळी कोणाला आठवत नाही. उलट एखाद्या घरातील तरुणाने आत्महत्या केली, तर ज्यांच्या ओठी कालपर्यंत ते वचन होते तेच विचारतात, पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे? १९१७च्या कॅनन कायद्याने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३च्या संहितेत ती तरतूद नाही. अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे १९९२चा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो. आपल्या ओट्यांवरची कुजबूज मात्र अजून १९१७च्याच संहितेने चालते. त्या घरातील आईबापांना मिस्साला शेवटच्या बाकावर बसावेसे वाटते, याचा जाब कोणत्या रकान्यात मांडावा?

तीन वर्षांच्या उपासना-चक्रातील ‘अ’ वर्षी, उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी हाच नववा अध्याय वाचला जातो. वाचनग्रंथात त्याचे एक संक्षिप्त रूपही दिलेले आहे आणि वेळ वाचावा म्हणून पुष्कळदा तेच निवडण्याचा मोह होतो. त्या संक्षिप्त रूपात शिष्यांचा प्रश्न नाही, जगाचा प्रकाश नाही, आईबापांचे भय नाही, आणि ३९वी ओवीही नाही. आमची आमच्या धर्मगुरूंना विनंती आहे की, त्या रविवारी घड्याळाकडे न पाहता सबंध एकेचाळीस ओव्या वाचाव्यात.