गोल्डाचा लेट मार्क

आमच्या ऑफिसात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा कापतात. गेल्या महिन्यात माझे चार झाले. कारण एकच, लेकीचं पाळणाघर. आणि तेव्हापासून गोल्डा मेयर मला फार जवळची वाटायला लागलीय.

इस्रायलची पंतप्रधान, पोलादी बाई वगैरे ठीक आहे हो. मला आवडते ती मिलवॉकीतली आठ वर्षांची पोर. जन्म 1898 चा, कीव्हमधला. ज्यूंवर हल्ला होणार अशी आवई उठली म्हणून सुतार असलेले बाबा दाराला फळ्या ठोकताहेत, ही तिची अगदी पहिली आठवण. 1906 मध्ये हे बिऱ्हाड अमेरिकेत आलं. आईनं किराणा दुकान टाकलं. सकाळी आई माल आणायला बाजारात, आणि ती परतेपर्यंत गल्ल्यावर गोल्डा! म्हणजे शाळेला रोज लेट. रडत रडत जायची बिचारी.

पण शाळा सोडेल तर शपथ. वर्गातल्या गरीब मुलांना पुस्तकं परवडत नाहीत म्हणून तिनं मैत्रिणी जमवल्या, सभा भरवली, पैसे उभे केले. चौदाव्या वर्षी घरच्यांनी 'शिक्षण पुरे, आता लग्न' सुरू केलं. स्थळ होतं तिच्या दुप्पट वयाचं. तिला तर टीचर व्हायचं होतं! मग काय, पळाली ती थेट डेन्व्हरला, मोठ्या बहिणीकडे.

पुढे ती परतली, ट्रेनिंग कॉलेजात गेली, यिद्दिश शाळेत शिकवूही लागली. आणि 1921 मध्ये नवऱ्याला, मॉरिसला घेऊन पॅलेस्टाईनला निघूनही गेली. जिच्यासाठी घर सोडलं ती मास्तरकी अशी चार दिवसांची. तिथे किबुट्झमध्ये कोंबड्या सांभाळल्या. जेरुसलेममध्ये तर मुलाच्या बालवाडीची फी भागवायला त्याच बालवाडीचे कपडे धुतले. पाणी तापवायचं, घासायचं, पिळायचं. (माझी पाळणाघराची फी नेट बँकिंगनं जाते, तरी मी कुरकुरते.)

मग संघटनेचं काम आलं, दौरे आले, संसार विस्कटला. 1948 मध्ये अमेरिकेत फिरून तिनं तब्बल पाच कोटी डॉलर जमवले. पुस्तकांसाठी पैसे मागणारी तीच ती! 1969 मध्ये पंतप्रधान झाली. 1973 च्या युद्धात देश गाफील सापडला आणि 1974 मध्ये तिनं राजीनामा दिला.

तिच्या राजकारणाची मी फॅन नाही. पॅलेस्टिनी असे कुणी लोकच नव्हते, अशा अर्थाचं ती 1969 मध्ये बोलून गेली. दाराला ठोकलेल्या फळ्या आठवणारी बाई असं कसं बोलली, हे मला अजून उमगलेलं नाही. पण मुलांना वेळ देता आला नाही याची बोच तिनं आत्मचरित्रात लपवली नाही, आणि ते पान मी दोनदा वाचलंय.

काल पुन्हा लेट मार्क लागला. लेकीला ताप होता.