सातबारा इकडे, पासपोर्ट तिकडचा

ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या शिवारात निजाम-उल-मुल्क आणि त्याचा प्रतिस्पर्धी मुबारिझ खान यांची गाठ पडली. मुबारिझ खान मारला गेला, दख्खनवर निजामाचा ताबा पक्का झाला आणि विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळालं. या लढाईची आठवण एरवी तलवारींच्या संदर्भात निघते, पण तिच्यात स्थलांतराचीही एक कहाणी आहे. विजेत्याचे आजोबा ख्वाजा आबिद समरकंदच्या बाजूने हिंदुस्थानात आले, मोगलांच्या चाकरीत चढत गेले आणि १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात कामी आले. मुलाने दरबारी वजन वाढवलं, नातवाने हैदराबादचं राज्य उभारलं. बादशहाची मर्जी आणि फौजफाटा हाताशी असूनही परमुलखात पाय रोवायला त्या घराण्याला तीन पिढ्या लागल्या.

आज साखरखेर्डा ज्या तालुक्यात येतं त्या सिंदखेडराजातून एखादा संगणक अभियंता किंवा एखादी परिचारिका परदेशी निघते, तेव्हा घरात बोलणं होतं ते व्हिसाचं, तिकिटाचं आणि गरम कपड्यांचं. शेताचं काय, नागरिकत्वाचं काय, आईवडिलांचं काय, हे विषय ‘पुढचं पुढे पाहू’ म्हणून मागे पडतात. खरं तर कायमचं जायचं असेल तर याच तीन प्रश्नांवर आधी बोलायला हवं. ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकाला हात लावला की उरलेले दोन हलतात.

शेतापासून सुरुवात करू. परदेशी स्थायिक झालेल्या माणसाला, त्याच्या खिशात भारतीय पासपोर्ट असला तरी, भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. परकीय चलन कायद्याचे नियम घर किंवा दुकान घेऊ देतात, पण शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाऊस यांना मनाई करतात. वारशाने आलेली जमीन मात्र ठेवता येते. ती विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. म्हणजे सोयाबीन-तुरीची वडिलोपार्जित चार एकर घाईत विकून गेलेल्या मुलाला, पुढे हातात डॉलर असले तरी, तेवढंच रान पुन्हा घेता येणार नाही.

आणि ठेवलेलं रान सांभाळायचं कुणी? वडील गेल्यावर तीन महिन्यांत वारसनोंदीसाठी कळवायचं असतं. बहीण-भावांपैकी एक जण टोरांटोत किंवा मेलबर्नला असेल, तर वाटणीची प्रत्येक सही तिथून यायची. मुखत्यारपत्र परदेशात केलं तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवतात आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मुदत चुकली, कागद अडकला की फेरफार रखडतो, आणि त्याचा त्रास गावात राहून शेत कसणाऱ्या भावाला होतो. त्याला वाटतं भाऊ मुद्दाम टाळतोय, तिकडच्याला वाटतं इकडे काहीतरी शिजतंय. नात्यात पडणारी ही फट वेळेवर केलेल्या कागदाने टळू शकते.

दुसरा प्रश्न नागरिकत्वाचा. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी ते सोडल्याचं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. २००५ पासून अशा लोकांसाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. त्यावर आयुष्यभर भारतात येता-जाता येतं, पण मतदान करता येत नाही आणि निवडणूकही लढवता येत नाही. ज्यांनी भारतीय पासपोर्ट राखला आहे, त्यांना २०११ पासून आपल्या गावच्या मतदारयादीत नाव नोंदवता येतं. त्यासाठी नमुना ६-अ भरायचा असतो. मत द्यायला मात्र स्वतः केंद्रावर यावं लागतं.

मग लोक नागरिकत्व सोडतात तरी का? पुष्कळदा त्याचं कारण तिसऱ्या प्रश्नात सापडतं. अमेरिकेत ग्रीन कार्डधारकाला आईवडिलांना कायमचं बोलावता येत नाही. तो हक्क एकवीस वर्षांवरील अमेरिकी नागरिकालाच आहे. म्हणजे आईला जवळ आणायचं तर आधी मातृदेशाचं नागरिकत्व सोडायचं. तिथवर पोचणंही सोपं नाही. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्क्यांपर्यंतच, अशी मर्यादा आहे. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. त्या रांगेत असताना मूल एकवीस वर्षांचं झालं की ते सहसा आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं. ऑस्ट्रेलियात आईवडिलांच्या साध्या कायम व्हिसासाठीची प्रतीक्षा तीस वर्षांच्या आसपास गेली आहे, म्हणजे सत्तरीतल्या माणसासाठी तो रस्ता बंदच. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडिलांना एका वेळी पाच वर्षं राहता येतं. तो दिलासा आहे, पण तोही मुक्कामच.

कागद हाती आले तरी नवा देश लगेच आपलं म्हणतो असंही नाही. याचा सर्वात बोलका दाखला मराठीभाषक बेने इस्रायली ज्यूंचा आहे. पेणकर, नागावकर, केहिमकर अशी आडनावं लावणारे, कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक. १९४८ नंतर ते मोठ्या आशेने इस्रायलला निघाले. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते परक्या देशात चाललेच नव्हते, ते घरी परतत होते. तरी राहण्याची, कामाची आणि वर्णभेदाची तक्रार घेऊन १९५१ मध्ये त्यांच्यातला एक गट तेल अवीवमध्ये धरणं धरून बसला आणि आम्हाला भारतात परत पाठवा म्हणू लागला. काही जण परत आलेही, आणि त्यातले पुष्कळ पुढे पुन्हा इस्रायलला गेले.

त्याहून खोल घाव पुढे बसला. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश काढले. ज्या धर्मासाठी घरदार सोडलं, त्या धर्माचे तुम्ही खरे का, असा हा सवाल होता. लोक रस्त्यावर उतरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने खास अधिवेशन घेऊन ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं. पहिली माणसं पोचल्यापासून तोवर सोळा वर्षं लोटली होती. नंतर तिथेच ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघालं आणि त्यांचा पारंपरिक मलिद्याचा विधीही टिकला. मान मिळाला तो संघटित होऊन मागितल्यावर. म्हणून नव्या गावी पोचलेल्याने महाराष्ट्र मंडळाकडे फक्त गणपतीच्या आरतीपुरतं पाहू नये. भाडेकरार, कामगार हक्क, आजारपण अशा अडचणींत तिथली माणसंच आधी धावून येतात.

जाणाऱ्याला अडवण्यात अर्थ नाही. कोरडवाहू शेतीवर पोसलेल्या घराने मुलांना बाहेर धाडणं हा शहाणपणाचा आणि धाडसाचा निर्णय असू शकतो. पण निघण्याआधी एक संपूर्ण दिवस घरच्यांनी एकत्र बसावं. सातबारा आणि आठ-अ वरची नावं तपासावीत, राहिलेल्या वारसनोंदी उरकाव्यात. वडिलांनी मृत्युपत्र नोंदवावं. मुखत्यारपत्र द्यायचंच असेल तर ते इथे असतानाच आणि कामापुरतं मर्यादित द्यावं. आईला मध्यरात्री मेहकर किंवा बुलढाण्याला दवाखान्यात कोण नेणार, त्याचं नाव आणि खर्चाचा वाटा ठरवावा. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, हे त्या बैठकीत सर्वांना माहीत असावं. आणि गावात राहणाऱ्या बहिणीला किंवा भावाला त्या दिवशी सर्वात आधी बोलू द्यावं, कारण ठरलेल्यातलं बहुतेक काम पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यांनाच निभवायचं आहे.