फाटकाबाहेरचे मतदार

महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच तारखेला येत असल्याने आपल्याकडे १ मे रोजी दोन्ही कर्तव्ये एकाच पुष्पचक्रात उरकता येतात. हुतात्मा चौकातल्या शिल्पात शेतकरी आणि कामगार हाती मशाल घेऊन उभे आहेत. गिरणगाव रस्त्यावर उतरले नसते तर मुंबईसह महाराष्ट्र मिळाला नसता, याची कबुली त्या शिल्पात आहे. भाषणांतही ती दरवर्षी दिली जाते. कामगाराने आपली संघटना स्वतः निवडावी का आणि निवडावी तर कशी, हा प्रश्न मात्र व्यासपीठावर कोणी काढत नाही. आठ तासांच्या कामासाठी १८८६ साली शिकागोत झालेल्या ज्या लढ्यातून हा दिवस आला, तो लढा जिथे झाला त्या अमेरिकेत १ मे पाळला जात नाही; तिथला कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो. पण हा प्रश्न गेल्या दशकात सर्वांत उघडपणे लढला गेला तो त्याच देशातल्या एका मोटार कारखान्यात. चाकणमध्ये गाड्या बनवणाऱ्या फोक्सवॅगनच्याच त्या कारखान्याची कथा आज सांगण्याजोगी आहे.

टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा शहराजवळ, दुसऱ्या महायुद्धात जिथे स्फोटके बनत त्या जागेवर, फोक्सवॅगनने २०११ मध्ये उत्पादन सुरू केले. त्यासाठी राज्याने आणि स्थानिक संस्थांनी मिळून सुमारे ५७ कोटी ७० लाख डॉलरच्या सवलती दिल्या. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांचा हा ठरलेला मार्ग आहे. जमीन, रस्ते, करसवलत देऊ, मजुरी उत्तरेपेक्षा कमी पडेल आणि युनियनची कटकट नसेल, असे सांगून परदेशी मोटार कंपन्यांना बोलवायचे. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना मुभा दिली, तेव्हा टेनेसीने त्याच वर्षी कायदा करून युनियनची वर्गणी कोणावरही सक्तीची ठेवली नाही. युनियनने वाटाघाटी करायच्या सगळ्यांसाठी, वर्गणी द्यायची ज्याला वाटेल त्याने. २०२२ मध्ये जनमत घेऊन ही तरतूद राज्यघटनेतही घातली गेली.

या चौकटीत एक जर्मन कंपनी येऊन बसली आणि तिथेच पेच झाला. फोक्सवॅगनच्या मायदेशी पर्यवेक्षक मंडळातल्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींकडे असतात. लोअर सॅक्सनी या राज्याकडे कंपनीच्या मताधिकाराचा पाचवा हिस्सा आहे. प्रत्येक मोठ्या कारखान्यात निवडून आलेली कामगार परिषद असते. पाळ्या, बढत्या, कामाचा वेग यांवर तिच्याशी बोलावे लागते. तशी परिषद चॅटानूगातही असावी असे जर्मनीतल्या ‘आयजी मेटल’ या संघटनेला वाटत होते. पण कंपनीने पोसलेल्या नकली युनियनना आळा घालण्यासाठी अमेरिकेने १९३५ मध्ये जो कायदा केला, त्यामुळे स्वतंत्र युनियनशिवाय अशी परिषद नेमणे कायद्यात बसेना. म्हणून ‘युनायटेड ऑटो वर्कर्स’ म्हणजे यूएडब्ल्यू या जुन्या संघटनेला कंपनीने फाटक उघडून दिले आणि आपण तटस्थ राहू असे लिहून दिले. मालक विरोध करत नाही, युनियन यायला तयार आहे; मग अडचण कुठली? अडचण फाटकाबाहेर उभी होती.

१२ ते १४ फेब्रुवारी २०१४ असे तीन दिवस मतदान होते. राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाचे अधिकारी, गुप्त मतपत्रिका, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढाच प्रश्न. मतदानाच्या पहिल्याच दिवशी सिनेटर बॉब कॉर्कर यांनी निवेदन काढले की, कामगारांनी युनियन नाकारली तर कंपनी नवी मध्यम आकाराची एसयूव्ही याच कारखान्याला देईल असे आश्वासन आपल्याला मिळाले आहे. कॉर्कर हे शहराचे माजी महापौर. कारखाना आणण्यात त्यांचा हात होता. त्यांच्या शब्दाला वजन होते. कारखान्याच्या प्रमुखांनी लगेच खुलासा केला की, मतदानाचा आणि नव्या गाडीचा काही संबंध नाही. पण मतदान सुरू झाले होते. त्याआधी राज्याच्या विधिमंडळातल्या नेत्यांनी पुढच्या सवलती अवघड होतील असे बजावले होते. शहरातल्या रस्त्यांवर मोठे फलक लागले होते. त्यांतल्या एकावर ओसाड कारखान्याचे छायाचित्र आणि वर, डेट्रॉइटची ही दशा या युनियनने केली अशा आशयाचा मजकूर. डेट्रॉइट शहराचे दिवाळे निघून तेव्हा वर्षही झाले नव्हते. फलक वॉशिंग्टनमधल्या एका गटाने लावले होते. लाइनवर दरवाजे बसवणाऱ्या कामगाराशी त्या गटाचा काडीचा संबंध नव्हता.

युनियन ७१२ विरुद्ध ६२६ मतांनी हरली. ४४ जणांनी वेगळा विचार केला असता तर निकाल फिरला असता. पुढे फुटलेल्या कागदपत्रांतून दिसले की, राज्य सरकारने कंपनीला सुमारे ३० कोटी डॉलरच्या नव्या सवलतींचा जो प्रस्ताव दिला होता, त्यात कामगार परिषदेबाबतची चर्चा सरकारच्या समाधानानुसार संपावी अशी अट होती. त्याच वर्षी जुलैत ती एसयूव्ही चॅटानूगालाच मिळाली.

तरीही या पराभवाचे सगळे खापर पुढाऱ्यांवर फोडणे खोटेपणाचे होईल. ‘नाही’ म्हणणाऱ्यांकडे स्वतःची कारणे होती. याच कंपनीचा पेन्सिल्वेनियातला कारखाना १९८८ मध्ये बंद पडला होता आणि तिथे युनियन होती, हे लोकांच्या लक्षात होते. कंपनीची खर्चातली आघाडी टिकवण्याला यूएडब्ल्यूने तटस्थतेच्या करारात मान्यता दिली होती. मग ही युनियन आमची की कंपनीची, असा प्रश्न कामगारांनी विचारला. पुढच्या काही वर्षांत तर यूएडब्ल्यूच्या दोन माजी अध्यक्षांना पैशांच्या अफरातफरीबद्दल तुरुंगवास झाला. वर्गणीच्या पैशावर चैन करणारा पुढारी ही काही एकट्या अमेरिकेची मक्तेदारी नाही. आपल्याकडच्या वाचकाला त्यासाठी उदाहरणे शोधत बसावे लागणार नाही.

जून २०१९ मध्ये दुसऱ्यांदा मतदान झाले. या वेळी गव्हर्नर बिल ली स्वतः कारखान्यात जाऊन कामगारांच्या सभेत बोलले. युनियन पुन्हा हरली, ८३३ विरुद्ध ७७६. मधल्या काळात, २०१५ मध्ये, दुरुस्ती विभागातल्या कुशल कामगारांनी आपल्यापुरते मतदान घेऊन १०८ विरुद्ध ४४ असा कौल युनियनच्या बाजूने दिला होता. तेव्हा तटस्थतेची ग्वाही दिलेल्या कंपनीने त्यांच्याशी वाटाघाटीला बसण्यास नकार दिला. मालकाची तटस्थता हिशेब बदलला की बदलते, हेही यानिमित्ताने कळले.

मग चित्र पालटले ते आधी युनियनच्या आत. सभासदांनी थेट मतदानाने पदाधिकारी निवडायला सुरुवात केली आणि २०२३ मध्ये शॉन फेन अध्यक्ष झाले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप झाला. निवडक कारखाने बंद करायचे आणि पुढचा कोणता हे शेवटपर्यंत सांगायचे नाही, असा त्याचा डाव होता. सहा आठवड्यांत मूळ पगारात करारकाळात २५ टक्के वाढीचे करार पदरात पडले. त्यानंतर ज्या कारखान्यांत युनियन नव्हती तिथेही भराभर पगारवाढी जाहीर झाल्या. फोक्सवॅगनने ११ टक्के दिली. युनियन नसलेल्याचा पगार युनियन असलेल्याच्या संपामुळे वाढतो, हे चॅटानूगाच्या कामगाराने पगाराच्या चिठ्ठीवर पाहिले. शिवाय तक्रारी पगारापुरत्या नव्हत्या. कंपनी आपल्या सोयीने लाइन बंद ठेवते आणि त्या दिवसांत आमच्या हक्काच्या भरपगारी रजा खर्ची पडतात, ही एक मोठी तक्रार होती. आजारपण किंवा मुलांच्या सुट्टीसाठी मग काय उरणार? चाकण किंवा रांजणगावच्या कामगाराला ही तक्रार समजावून सांगण्याची गरज नाही.

एप्रिल २०२४ मध्ये तिसरे मतदान झाले. आदल्या दिवशी टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना आणि टेक्सास या सहा राज्यांच्या गव्हर्नरांनी संयुक्त पत्रक काढून युनियन आली तर नोकऱ्या धोक्यात येतील असा इशारा दिला. कामगारांनी तो वाचला आणि २,६२८ विरुद्ध ९८५ असा निकाल दिला. महिनाभराने अलाबामातल्या मर्सिडीजच्या कारखान्यात मात्र युनियन २,०४५ विरुद्ध २,६४२ अशी हरली. तोच प्रचार, तोच दक्षिण भाग. दोन ठिकाणी दोन निकाल. कामगार कोणाच्या खिशात नसतो, एवढे यातून सिद्ध झाले.

विजयाने सगळे मिळाले असेही नाही. मतदानानंतर दीड वर्ष उलटले तरी चॅटानूगात पहिल्या करारावर सही झालेली नव्हती. मान्यता म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावरची खुर्ची. पगारवाढ त्यानंतर मागायची असते. राज्यकर्त्यांनीही माघार घेतली नाही. टेनेसी, जॉर्जिया आणि अलाबामा यांनी २०२३-२४ मध्ये कायदे केले की, गुप्त मतदानाशिवाय एखाद्या कंपनीने स्वखुशीने युनियनला मान्यता दिली तर तिला सरकारी सवलती मिळणार नाहीत. कामगाराच्या गुप्त मतदानाचा हा कळवळा खरा असता, तर त्या मतदानाच्या आदल्या दिवशी सहा गव्हर्नरांना पत्रक काढावेसे वाटले नसते.

राजकारण कारखान्यात नेहमी याच बाजूने शिरते असेही नव्हे. १९३६-३७ च्या हिवाळ्यात मिशिगनमधल्या फ्लिंट इथे जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले, तेव्हा गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी सैनिक बोलावले. पण कामगारांना हुसकावण्यासाठी त्यांचा वापर करायला नकार दिला आणि दोन्ही बाजूंना बोलायला लावले. ४४ दिवसांनी कंपनीने यूएडब्ल्यूला मान्यता दिली. पुढच्याच निवडणुकीत मर्फी हरले. पुढाऱ्याला अशा प्रसंगी किंमत मोजावी लागते, म्हणून तर बहुतेक जण ती मोजत नाहीत.

आता आपल्याकडे पाहू. १९८२ च्या गिरणी संपाचे मूळ पगार-बोनसमध्ये होते, तसेच ते प्रतिनिधित्वाच्या प्रश्नातही होते. कायद्याने प्रातिनिधिक युनियन एक, आणि अडीच लाख कामगार चालले डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. तुम्हाला कोण हवे, हे त्या कामगारांना मतपेटीतून एकदाही विचारले गेले नाही. पुण्यात टेल्कोमध्ये कामगार नेते राजन नायर यांच्या मागे कामगार मोठ्या संख्येने असताना व्यवस्थापनाने करार केला दुसऱ्या युनियनशी. सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलेल्या कामगारांना पोलिसांनी रात्रीतून उचलले. हरियाणात मानेसरच्या मारुती कारखान्यात २०११ मध्ये कामगारांना स्वतंत्र युनियनच्या साध्या नोंदणीसाठी झगडावे लागले. त्या वर्षीचे संप, टाळेबंदी आणि साचलेला अविश्वास यांचा शेवट जुलै २०१२ च्या हिंसाचारात झाला. त्यात कंपनीचे एक अधिकारी प्राणाला मुकले, शेकडो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि अनेक जण वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले. त्या हत्येचे समर्थन कोणीही करू नये. पण कामगारांनी आपला प्रतिनिधी निवडण्याची सरळ वाट बंद झाली की माणसे कोणत्या वाटेने जातात, याची नोंद कंपन्यांनी आणि सरकारांनीही ठेवावी.

महाराष्ट्राने १९७१ मध्ये कामगार संघटनांच्या मान्यतेचा कायदा केला, तो अनेक राज्यांच्या पुढचा होता. सहा महिने किमान ३० टक्के सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालय मान्यता देते. पण ती मुख्यतः सभासदत्वाच्या नोंदी आणि वर्गणीच्या पावत्या तपासून. पावती सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत फाडली जाते. मत पडद्यामागे दिले जाते. दोन्हींत फरक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने आता वाटाघाटी करणाऱ्या एकमेव युनियनसाठी हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ही अट घातली आहे. हजेरीपट कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. कोणत्याही औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना फाटकावर उभे राहावे. एकाच लाइनवरून सुटलेली माणसे शर्टाच्या रंगावरून आणि गळ्यातल्या ओळखपत्रावरून वेगळी ओळखता येतात: पर्मनंट, ट्रेनी, अप्रेंटिस, कंत्राटी. नट एकच आवळला जातो, पण आवळणारा कंत्राटदाराच्या पटावर असतो. ५१ टक्क्यांच्या मोजणीत त्याचे नाव कुठेच येत नाही. चॅटानूगाच्या कामगाराला दोनदा ‘नाही’ म्हणता आले आणि तिसऱ्यांदा ‘हो’. आपल्या कंत्राटी कामगाराला अजून कोणी विचारलेलेही नाही.

युनियन चांगली की वाईट, हा वाद कारखान्यागणिक वेगळा निघेल आणि तो निघू द्यावा. पण निर्णय कामगाराचा आहे, एवढे तरी राज्यकर्त्यांनी मान्य करावे. मुख्यमंत्र्यांनी आजच्या भाषणात कामगारांना शुभेच्छा जरूर द्याव्यात. त्यासोबत तीन गोष्टी जाहीर कराव्यात. नव्या संहितेखालच्या राज्याच्या नियमांत युनियनची निवड कामगार आयुक्तांच्या देखरेखीखालच्या गुप्त मतदानानेच होईल, असे निःसंदिग्ध लिहावे. वर्षानुवर्षे तेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला त्यात मत असावे. आणि मतदानाच्या काळात व्यवस्थापनाने, मंत्र्याने किंवा आमदाराने गुंतवणूक जाण्याची धमकी दिली तर ती अनुचित कामगार प्रथा मानली जावी. कामगार संघटनांनीही आपल्या पदाधिकाऱ्यांची निवड सभासदांच्या थेट मतदानाने करावी आणि हिशेब फाटकावर लावावेत. ज्यांना हे नको आहे, त्यांनी पुढच्या १ मे रोजी कामगारांच्या नावाने घोषणा देऊ नयेत.